आईनं बाजूला सारलेली जीप

नोकरीतल्या बऱ्याचशा घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गुन्ह्याचा, हे आता मला छातीठोकपणे सांगता येत नाही. ही एक घटना मात्र अजून वेगळी उभी आहे. दुपारी जेवून खाटेवर पडलो आणि डोळा लागायला आला, की ती येते. पंख्याचा घरघर आवाज ऐकू येतो, लोखंडी खुर्च्यांवर ओळीने बसलेली माणसे दिसतात, आणि त्या सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात.

यात खून नाही, दरोडा नाही. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांसाठी भरवलेल्या वर्गात उलगडलेले हे प्रकरण आहे. असे सांगितले की ऐकणारे आधी हसतात. त्यांचा राग येत नाही, कारण ठाण्यातही पहिल्यांदा हसूच झाले होते.

नोकरीच्या शेवटच्या काळात माझी नेमणूक धाराशिवला, जिल्हा वाहतूक शाखेत होती. त्याच सुमारास नियम आला, की ज्यांचे लायसन्स निलंबित झाले आहे त्यांनी ते परत मिळण्याआधी उजळणी वर्गाला बसायचे. ‘उजळणी वर्ग’ हे कागदावरचे नाव. लोक त्याला सरळ ‘साळा’ म्हणत. “साहेब, नातवाच्या आधी मलाच साळंत घातलाव की!” असे म्हणत एखादा पांढऱ्या मिशांचा ट्रकवाला आत यायचा आणि मागची खुर्ची धरायचा. चाळीस वर्षांनी शाळेत आला तरी माणूस मागचाच बाक शोधतो.

वर्ग रविवारी मुख्यालयाच्या हॉलमध्ये भरायचा आणि तो घ्यायचे काम माझ्याकडे होते. मी फळ्यावर चिन्हे काढायचो, ते जांभया द्यायचे. अपघातांची फिल्म लावली की जागे व्हायचे आणि ‘हे आपल्या तेरखेड्याच्या फुडंच झालतं’ अशा गप्पा सुरू व्हायच्या. सगळे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी कंटाळून मी माझीच एक सवय त्यांना लावायची ठरवली.

मला डोळे मिटून विचार करायची सवय. एखादा गुन्हा उलगडत नसला, की मी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटायचो आणि त्या जागेवर मनानेच हिंडून यायचो. सहकारी म्हणायचे, “साहेब समाधीत गेले, चहा नंतर आणा.” म्हणू देत. मी वर्गात सांगितले, “फळा राहू द्या. डोळे मिटा. तुमचा रोजचा रस्ता मनातल्या मनात चालवा. घरून निघा. हात, पाय, मान जिथं जे करतात ते करू द्या. इथं चलान फाडणार नाही.”

आणि हॉल चालायला लागला. खरेच सांगतो, उन्हाळ्यातल्या त्या दुपारी चाळीसेक माणसे जागच्या जागी बसून आपापल्या रस्त्याला लागायची आणि मला वाटायचे, ही सगळी इमारतच हळूहळू कुठेतरी निघाली आहे. उसाचा ट्रॅक्टर चालवणारा घडीघडीला मान मागे वळवायचा, ट्रॉल्या येताहेत का बघायला. एका डॉक्टरांचा हात आपोआप कानाकडे गेला. फोनवर बोलत चालवत नाही असे ते लेखी देऊन आले होते. तोंड सराईतपणे खोटे बोलते, हातांना ते जमत नाही. इतकी वर्षे चौकशा करून मला जे कळले नव्हते, ते त्या वर्गात कळले.

त्या वर्गात एक जण डोळे मिटायचा नाही. येरमाळ्याचा काळी-पिवळी जीपवाला. पस्तिशीचा, अंगाने दणकट, पण खुर्चीत असा बसायचा की जणू त्याला दाराबाहेर काढणार आहेत. मी दटावले तर हात जोडून म्हणाला, “साहेब, मला न्हाय जमायचं. डोळं मिटलं की तेच वळण येतंय.”

वर्ग सुटल्यावर मी त्याला चहाला थांबवले. कप हातात धरून तो बोलायला लागला.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी त्याची सासू येडेश्वरीच्या दर्शनाला येरमाळ्याला आली होती. तिचे घर ईट या गावाच्या पलीकडे. दर्शन झाले, लेकीच्या घरी जेवण झाले, आणि दुपारी जावई तिला पोचवायला जीप घेऊन निघाला. गाडीत दोघेच. गावातून महामार्गाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर एक वळण आहे. गावाकडे येणाऱ्याला तिथे पहिल्यांदा आईची, म्हणजे येडेश्वरीची, टेकडी दिसते. त्या वळणावर जीप डावीकडच्या चरात जाऊन कलंडली. म्हातारी डाव्या बाजूला बसली होती. दवाखान्यात दोन दिवस शुद्धीवर न येता ती गेली.

“समोरनं मोटारसायकल आली साहेब, रस्त्याच्या मधनं. त्याचे हात हँडलवर नव्हते.”

“मग कुठं होते?”

“जोडलेले होते. डोळं मिटून, हात जोडून आला तो. तोंडानं उदो उदो म्हणत होता. म्या जीप वळवली.”

ठाण्यात त्याने हेच सांगितले होते आणि ठाणे अंमलदाराने म्हटले होते, “मग देवच आला होता म्हण की.” तिथपासून गावात त्याचे नावच पडले, देव बघितलेला जीपवाला. त्याच्यावर हयगयीने व निष्काळजीपणाने वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला, जामीन मिळाला, लायसन्स गेले, जीप मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात धूळ खात पडली. आदल्या रात्री तो एका लग्नाचे वऱ्हाड पोचवून पहाटे परतला होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. तेव्हा गावाने निकाल देऊन टाकला, की ह्याला डुलकी लागली आणि आता देवाच्या नावावर बिल फाडतो आहे.

गावाचे त्याला काही वाटत नव्हते. “लोकाचं तोंड कोण धरणार साहेब. पण घरची बी तेच म्हणली. तेराव्याला सगळ्यांच्या म्होरं म्हणली, तुमी झोपलाव आन् माझी आई गेली. तवाधरनं ती माहेरीच हाय. म्या दोनदा गेलो. दारातनं परत लावलं. कोर्टानं मला जेलात घातलं तरी चालंल, तिला एवढं कळू द्या की म्या झोपलो नव्हतो.”

पोलिसाला असे बोलणे रोजचे असते. खोटे बोलणाराही रडतोच. तरी दुसऱ्या दिवशी मी तपासी अंमलदाराकडून पंचनाम्याचे फोटो मागवले. त्याचा मुद्दा सरळ होता. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नाहीत, म्हणजे चालक झोपेत होता. वरवर बरोबर. पण मी महामार्गावर झोपलेल्या चालकांच्या पुष्कळ गाड्या पाहिल्या आहेत. झोपलेल्याची गाडी रस्ता हळूहळू सोडते, लांबवर तिरपी सरकत जाते. या जीपच्या चाकांची खूण काटकोनात चराकडे गेली होती. तसे स्टिअरिंग जागा माणूसच फिरवतो, आणि तेही ब्रेकवर पाय जायला उसंत नसेल तेव्हाच.

म्हणजे समोर काहीतरी आले होते. कुत्रे असेल, जनावर असेल. हात जोडलेला माणूस? मी खुर्चीत रेलून डोळे मिटले, त्या वळणावर जाऊन उभा राहिलो. नुसते ऊन दिसले.

खबर मिळाली ती कुठल्या खबऱ्याकडून नाही. आमच्या शाखेत आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचे एक हवालदार होते, भाविक माणूस. एका बुधवारी ते डब्यात पुरणपोळ्या घेऊन आले. कसल्या म्हणून विचारले, तर म्हणाले, “आमच्या गावच्या अप्पांनी आईची गाणी म्हणणाऱ्या आराधी बायकांना जेवण घातलं साहेब. त्यांना आईचा साक्षात्कार झालाय.”

अप्पा म्हणजे वाशीच्या बाजारपेठेतले एक किराणा व्यापारी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणे गोड, मापात खोट नाही अशी ख्याती. घरात शिवपूजा, पण आजोळच्या वाटेने आलेली येडेश्वरीची भक्तीही तितकीच. दर मंगळवारी मोटारसायकलवर येरमाळ्याला जायचे. हवालदार सांगत होते, “त्या दिवशी जीप अंगावरच आली होती म्हणं. अप्पा म्हणले, आई! आन् डोळे मिटले. उघडून बघत्यात तर रस्ता मोकळा. जीप गायब! आईनं हातानं बाजूला सारली. आन् मागं संबळ वाजला साहेब, भर दुपारी, आपोआप.”

पोळीचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. मी विचारले, “कधीची गोष्ट?”

“दिवाळी झाल्यावरच्या मंगळवारची. सगळ्या वाशीला ठाऊक हाय.”

सगळ्या वाशीला ठाऊक होते आणि येरमाळ्यात कुणाला पत्ता नव्हता. वाशीत तो चमत्कार होता, येरमाळ्यात तो अपघात होता. मधे एवढा रस्ता, पण दोन्ही गोष्टींची त्यावर कधी गाठ पडली नव्हती.

आता अप्पांना बोलवायचे कसे? चमत्कार झाला म्हणून समन्स काढता येत नाही. शिवाय चार पोलीस दुकानावर गेले असते तर वाशीकरांनी आम्हालाच पळवून लावले असते, आणि घाबरलेला माणूस पहिल्यांदा आठवण विसरतो. मी येरमाळ्याच्या पॉइंटवरच्या अंमलदाराला एवढेच सांगितले, की मंगळवारी त्या वळणावर उभा राहा आणि कुणी हँडल सोडून येताना दिसला तर रीतसर कारवाई कर. पुढच्याच मंगळवारी अप्पा सापडले. डोळे उघडले तेव्हा समोर खाकी वर्दी होती. ते अंमलदारालाही नमस्कार करून म्हणाले, “आईच्या दारात कसलं आलंय चलान?” चलान झाले. धोकादायक रीतीने वाहन चालवल्याबद्दल परिवहन कार्यालयाने यथावकाश लायसन्स निलंबित केले, आणि अप्पा माझ्या वर्गाला आले.

जीपवाल्याची हजेरी तोवर पुरी झाली होती. मी त्याला निरोप धाडला, की उजळणी थोडी कच्ची राहिली आहे, या रविवारी पुन्हा ये. कशासाठी ते सांगितले नाही. तो आला आणि शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसला. कायद्यातली ओळख परेड वेगळी असते, ती घ्यायचा अधिकारही माझा नाही. मला माझी शंका खरी की खोटी, एवढेच बघायचे होते.

अप्पा पहिल्या ओळीत बसले, स्वच्छ धोतर, मांडीवर टोपी. फाल्गुन संपत आला होता. खिडकीबाहेर मैदानावरची हवा तापून थरथरत होती. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि थोड्या वेळाने अप्पांजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, “अप्पा, तुम्ही जरा बोलून दाखवा. मंगळवार आहे असं धरा. दुकान सोडलं. निघा.”

अप्पांच्या मुठी हँडलवर बसाव्या तशा वळल्या. ते अर्धवट गुणगुणल्यासारखे बोलायला लागले.

“निघालो बगा. बाजार सुटला… बस स्टँड सुटलं. आता रान. तुरी काढल्यात, रान मोकळं पडलंय. वारं लागायलंय कानाला. हायवेला लागलो. ट्रका भर्रकन जायल्यात, म्या आपला कडेकडेनं. कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय.”

हॉलमध्ये कुणीतरी घोरत होते ते थांबले. एकेकाचा स्वतःचा रस्ता सुटत गेला असावा आणि ते सगळे अप्पांच्या मागे बसले असावेत. मीसुद्धा डोळे मिटले. मला वारा लागला, हे मी आजही शपथेवर सांगेन.

“हायवे सोडला. आता गावचा रस्ता. उतार हाय थोडा, गाडी आपली आपण जाती. आता वळण… आता… आली बगा. आली माझी आई.”

मी डोळे उघडले. अप्पांच्या मुठी सुटल्या होत्या. दोन्ही तळवे छातीशी जुळले होते, मान झुकली होती आणि मिटलेले डोळे अजून घट्ट मिटले होते. “आई राजा उदो उदो,” ते पुटपुटले.

“अप्पा,” मी म्हणालो, “दिवाळीनंतरचा मंगळवार.”

त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरले. हीच तर त्यांची लाडकी गोष्ट. “व्हय, आईनं हातानं जीप बाजूला सारली त्या दिशी बी असंच. डोळं उघडलं तर जीप पुढ्यात! काळी-पिवळी…”

आणि तेवढ्यात मागून दुसरा आवाज सुरू झाला.

“म्या गावातनं निघालो.” जीपवाला होता. कधी नव्हे ते त्याने डोळे मिटले होते. हात समोर धरलेले, स्टिअरिंगवर असावेत तसे. “सासूबाई शेजारी. मांडीवर परडी. मला म्हणत्यात, दमानं चालव बाबा, राच्याला झोप न्हाय तुला. म्या म्हणलो, जागा हाय की मामी, तुमच्यासंगं बोलायलोय न्हाय का. ऊन लई. वळण आलं…”

“जीप पुढ्यात,” अप्पा पुन्हा म्हणाले, आता जरा हळू.

“मोटारसायकल मधी. हात जोडलेले. पांढरं धोतर. हॉर्न मारायला बी टाइम न्हाय…”

“म्या म्हणलो, आई!”

“सासूबाई बी तेच म्हणल्या. आई गं!”

आणि जीपवाल्याचे दोन्ही हात सर्रकन डावीकडे गेले. खुर्ची फरशीवर करकरली. तो कलंडता कलंडता शेजारच्या ट्रकवाल्याने धरला. पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. चाळीस माणसे डोळे उघडून बसली होती.

अप्पांनी सगळ्यांच्या शेवटी डोळे उघडले. मागे वळून बघायला त्यांना फार वेळ लागला. “कोण हाय ते?” त्यांनी मला विचारले.

उत्तर जीपवाल्याने दिले. “जीप हाय अप्पा. तुमच्या आईनं बाजूला सारलेली.”

मी वर्ग सोडला. त्या दिवशी दोन तास भरायचे होते, भरले नाहीत. त्याबद्दल पुढे मला खुलासाही द्यावा लागला. अप्पा खुर्चीतून उठले नाहीत. मी त्यांच्यासमोर बसलो आणि विचारले, “त्या दिवशी मागं वळून का पाहिलं नाही?”

“देवानं हात दिल्यावर मागं बघू न्हाय, म्हणत्यात ना साहेब. आमचे आजोबा म्हणायचे. मागं बघितलं की दिलेलं परत जातंय.” मग म्हणाले, “मागं आवाज आला होता. मला वाटलं, संबळ वाजला.”

हे म्हणताना म्हाताऱ्याचा चेहरा जसा उतरला, तसा मी एकाही आरोपीचा पाहिलेला नाही. ते काही लपवत नव्हते. महिनोन्‌महिने त्यांनी ती गोष्ट आनंदाने सांगितली होती, त्या आनंदात आराध्यांना जेवू घातले होते. आणि त्या पोळीचा तुकडा मीही खाल्ला होता.

मी त्यांना रीत सांगितली. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाऊन स्वखुशीने जबाब द्यावा लागेल. दिला तर गुन्हा तुमच्यावर येईल, वय, प्रतिष्ठा काही बघितले जाणार नाही. नाही दिला तर माझ्याकडे एका पुरणपोळीखेरीज पुरावा नाही. वकिलाला विचारा, घरी विचारा, घाई नाही.

अप्पा म्हणाले, “कोर्ट मागनं बगू. त्या म्हातारीची लेक कुठं हाय? आधी तिच्याकडं न्या मला.”

मी पोलीस म्हणून हे टाळायला हवे होते. आधी जबाब, मग भेटीगाठी. पण अप्पा उठून टोपी घालून दारात जाऊन उभे राहिले होते, आणि खरे सांगायचे तर मलाही तेच हवे होते.

दोन दिवसांनी, साध्या कपड्यांत, माझ्या खासगी गाडीतून आम्ही तिघे निघालो. येरमाळ्याचे ते वळण आले. अप्पांचे हात मांडीवर होते. टेकडी खिडकीतून आली आणि गेली, ते उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिले. वाशी गेली, पुढे उन्हात सगळी राने पिवळी पडलेली, रस्त्याच्या टोकाला पाणी साचल्यासारखे दिसायचे आणि जवळ गेले की नाहीसे व्हायचे. जीपवाला मागे बसून त्या पाण्याकडे बघत होता.

तिच्या गावात शिरल्यावर तो गाडीतून उतरला आणि रस्त्यावरच्या कडुलिंबाखाली थांबला. “तुमी जावा. मला बघितलं की ती आतच जाती.”

ती अंगणात तूर पाखडत होती. पोलीस म्हटल्यावर तिने पदर सावरून सूप बाजूला ठेवले, पण बसा म्हणाली नाही. मी ओळख करून देऊ लागलो तर अप्पांनी मला हाताने थांबवले. त्यांनी टोपी काढली आणि उभ्यानेच सगळे सांगितले. काही गाळले नाही. हँडल कुठे सोडले, डोळे कधी मिटले, जीप कशी दिसली, मागे आवाज आला तेव्हा आपण काय समजलो. शेवटी म्हणाले, “बाई, तुझा नवरा झोपला नव्हता. झोपंत म्या होतो. जागेपणी झोपंत होतो. वर गावभर सांगत सुटलो, आईनं मला वाचवलं म्हणून.”

ती ऐकत होती. तिची नजर अप्पांवरून हलली नाही. तिला राग येईल, ती शिव्या देईल, निदान रडेल, अशी मी तयारी ठेवली होती.

ती म्हणाली, “खरंच हाय की अप्पा. आईनंच वाचवलं तुमाला. माझ्या आईनं.”

अप्पा तिथेच मातीत बसले.

अप्पांनी पुढच्या आठवड्यात जबाब दिला. त्यांच्या वकिलाने नको म्हटले, मुलांनी पाय धरले, तरी दिला. तपास नव्याने झाला, जीपवाल्याचे नाव आरोपीतून कमी झाले, अप्पांचे लागले. त्यांनी कोर्टात एकदाही तारीख मागितली नाही. पुढचा निकाल कोर्टाच्या कागदांत आहे, तो इथे सांगण्याचे कारण नाही. मंगळवारी ते अजून येरमाळ्याला जातात असे ऐकतो, एस.टी.ने.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. मला वाटत असे, गुन्ह्याचा छडा लागला की आपले काम संपले. खरे काय ते नोंदवायचे, कोर्टात पाठवायचे, मोकळे व्हायचे. पण त्या जीपवाल्याला कोर्टाने दहा वेळा निर्दोष ठरवले असते तरी त्याच्या घरातली चूल पेटली नसती. त्याचे न्यायाधीश कोर्टात बसलेले नव्हते, एकच होते आणि ते ईटच्या पलीकडे तूर पाखडत होते. खरे जिथे पोचायला हवे तिथे ते नेऊन सोडावे लागते, आणि कोणत्याही नियमात ते लिहिलेले नाही. दुसरे असे, की ज्याला आपण देवाची कृपा म्हणतो त्याच्या मागे एकदा वळून बघावे. बहुतेक वेळा तिथे एखादा माणूस चरात पडलेला असतो.

त्या दुपारचे एवढेच सांगायचे राहिले. अप्पांना पाणी देऊन ती अंगणाच्या फाटकापर्यंत गेली. लिंबाखाली नवरा पाठमोरा उभा होता. तिने त्याला नावाने हाक मारली नाही, आमच्याकडे बायका नवऱ्याला तशी हाक मारत नाहीत. नुसती उभी राहिली, आणि मग इतक्या महिन्यांनी त्याच्याशी जे पहिले बोलली ते माझ्या अजून कानात आहे.

“अवो, जेवलाव का?”

त्याने वळून बघितले. मान हलवून नाही म्हणाला.

“मग आत या की,” ती म्हणाली.